बांधलेल्या शिवेच्या आत

झोळी शिवेवर येऊन थांबली. माझं डोकं पाड्याच्या हद्दीत, प्लॅस्टरमधला पाय अजून बाहेर. बांबूचं पुढचं टोक पाड्यातल्या दोन गड्यांनी आपल्या खांद्यावर घेतलं होतं. मागचं टोक माझ्या दोन चुलतभावांच्या खांद्यावर होतं. मधे चादरीत मी. लष्करातला कॅप्टन, डॉक्टर, आणि त्या घटकेला नुसतं सामान.

"थांबा," सोमा भगत म्हणाला. सत्तरीचा, काटक, डोक्याला मळका फडका. पाड्यात त्याचा शब्द चालायचा. "डाक्टर, आधी आयका. आत आलात तं मंगळवारी फाटं भायेर. त्याच्या आधी कोनी नाय. डाक्टर असो नाय तं मामलेदार."

"आजा, सोमवारी मला मुंबईला जायचंय. सरकारी हुकूम आहे."

"मंग नका येव. आमचा काय बोलना नाय."

त्यात राग नव्हता. त्या दिवशी गुरुवार होता. सोमवारी सकाळी दहाला मुंबईच्या मिलिटरी हॉस्पिटलात माझा मेडिकल बोर्ड होता.

मेडिकल बोर्ड म्हणजे काय ते सांगतो. लष्करात जखमी माणूस आपल्या मनाने बरा होत नाही. दोन-तीन डॉक्टर त्याला तपासतात, कागदावर 'फिट' लिहितात, मग तो बरा. तो कागद नसेल तर युनिटमध्ये परत जाता येत नाही. साल नव्याण्णव. कारगिलच्या डोंगरात लढाई चालू होती आणि माझी माणसं तिथे होती. मी मात्र लढाई पेटायच्या सुमारास एका घाटात घोटा मोडून घेतला होता. गोळी नाही, काही नाही. गाडी उलटली. चार आठवड्यांच्या सिक लीव्हवर मी शेणव्याजवळच्या आमच्या गावी ओटीवर पाय पसरून पडलो होतो. भावकीतली माणसं भेटायला यायची आणि म्हणायची, "बरा झाला, वाचलास." मला ते वाक्य ऐकवत नव्हतं. रेडिओवर बातम्या लागल्या की मी घरातल्यांवर उगाच खेकसायचो. सोमवारपर्यंतचे दिवस मी बोटांवर मोजत होतो.

अशात त्या गुरुवारी सकाळी भोईर सिस्टर आल्या. उपकेंद्राच्या नर्स. राहायला मुरबाडला, तिथून रोज एसटीने यायच्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या आणि तोंडाने फटकळ.

"डॉक्टर, वर ठाकरांच्या पाड्यावर जुलाब-उलट्या चालू आहेत. चौदा जण पडलेत. एक म्हातारा काल गेला. आपल्या केंद्रात डॉक्टरची जागा महिनाभर रिकामी आहे. तुम्ही चला."

"सिस्टर, मी रजेवर आहे. आणि हा पाय बघा."

"पायाने तपासता का पेशंट?"

आई दारात उभी होती. ती हसली. मी नाही हसलो.

"मग त्यांना खाली आणा. जीपने शहापूरला हलवू," मी म्हणालो.

"तीच तर अडचण आहे. त्यांनी पहाटे शीव बांधलीय. मलाही आत घेतलं नाही."

शीव बांधणं ही आमच्या भागातली जुनी रीत. गावात मरी आली, म्हणजे एकामागून एक माणसं आजारी पडायला लागली, की भगत गावदेवाला नारळ देतो आणि पाड्याच्या सगळ्या वाटांवर झाडांना दोरा बांधतो. मग पाच दिवस कोणी बाहेर जायचं नाही. बाहेरचा आत आला तर त्यानेही पाच दिवस पुरे होईपर्यंत तिथेच राहायचं. लहानपणी मी हे ऐकलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. एमबीबीएस झाल्यावर तर असल्या गोष्टी मी मित्रांना विनोद म्हणून सांगायचो.

पाड्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून मला रस्त्यात ओळखतात आणि त्यांना त्यांचं नाव असं छापलेलं आवडेल की नाही, ठाऊक नाही.

सिस्टरना नाही म्हणवेना. म्हटलं शिवेपर्यंत जाऊ, दोन शब्द दरडावून बोलू, पेशंट बाहेर काढू आणि जेवायला घरी येऊ. पायथ्यापर्यंत जीप गेली. पुढे अर्ध्या तासाची चढण. कुबड्यांवर ती चढणं शक्य नव्हतं, म्हणून चुलतभावांनी मला झोळीत घातलं. आमच्याकडे वरच्या पाड्यांवरून बाळंतिणीला किंवा साप चावलेल्याला याच झोळीतून खाली आणतात. डॉक्टरला वर नेण्यासाठी ती पहिल्यांदाच वापरली असावी. चुलतभाऊ वाटभर माझ्या वजनावर बोलत होते.

शिवेवर पोचल्याबरोबर मी हुकूम सोडायला सुरुवात केली. सगळ्यात जास्त आजारी कोण, त्याला पुढे आणा, झोळ्या किती आहेत, गडी किती आहेत. लष्करात याला काहीतरी उत्तर येतं. इथे पाड्यातले वीसेक जण नुसते बघत उभे राहिले.

"पेशंट बाहेर काढा, मी सांगतोय ना! माणसं मरतील!"

"मरतील," सोमा आजा शांतपणे म्हणाला. "आमाला का म्हायत नाय? पन ह्यो पऱ्या खाली कुठं जातो? तुमच्याच गावात ना? मरी घेऊन खाली गेलो तं तुमची पोरा मरतील. ता पाप कोनी घ्यावा?"

सकाळपासून माझी समजूत अशी होती की ही माणसं अडाणीपणाने स्वतःला कोंडून घेऊन बसली आहेत. ती बसली होती आमच्यासाठी. माझी आई, माझ्या भावांची मुलं, सगळी त्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, खालच्या अंगाला राहत होती. आणि हे मला, साथीच्या रोगांचा पेपर पहिल्या झटक्यात पास झालेल्या माणसाला, एका भगताने सांगावं लागलं.

मीच आत येतो म्हणालो, तेव्हा पाड्यातल्या दोघांनी झोळीचं पुढचं टोक घेतलं आणि आजाने मंगळवारची अट घातली. त्या दोघांपैकी एक काळू. त्याची बायको बुधी सातव्या महिन्यात होती. तो मान न वळवता म्हणाला, "डाक्टर, बुधीचा हात गार पडलाय. सकाळपासून बोलत नाय."

हात गार पडणं म्हणजे अंगातलं पाणी इतकं गेलं की रक्त हातापायापर्यंत पोचत नाही. अशा माणसाकडे काही तास असतात. पोटातल्या मुलाकडे त्याहून कमी.

मी सोमवारचा विचार केला. खरं सांगतो, चांगला मिनिटभर केला. मग चुलतभावांना म्हणालो, "सोडा मागचं टोक."

पाड्यातले आणखी दोघे पुढे आले. आमच्या भावांनी बांबू पुढे रेटला, त्यांनी तो आपल्या खांद्यावर घेतला. कोणाचंही पाऊल दोऱ्यापलीकडे पडलं नाही. माझा पाय आत आला.

"हॉस्पिटलला तार करते," सिस्टर बाहेरून ओरडल्या. "काय लिहू?"

"येऊ शकत नाही, नागरिकांवर उपचार करतोय, असं लिहा."

"आणि कारण?"

"कारण नको. कोणाला पटायचं नाही."

बुधीच्या मनगटाला नाडी लागत नव्हती. शिरा चपट्या झाल्या होत्या, सुई घुसेना. दोन्ही हातांना प्रयत्न केले. मग लष्करात शिकवलेलं केलं. घोट्याच्या आतल्या बाजूला छोटी चीर द्यायची, शीर शोधायची आणि तिच्यात नळी सरकवायची. याला कट-डाउन म्हणतात. रक्त गेलेल्या जवानासाठी हे आम्हाला घटवून घेतलेलं. सुट्टीवरही माझी बॅग भरलेली असायची, त्यामुळे ब्लेड, दोरा, भुलीचं इंजेक्शन हाताशी होतं. मी जमिनीवर प्लॅस्टरचा पाय एका बाजूला फेकून बसलो आणि भर दुपारी त्या कुडाच्या घरात, दारातून येणाऱ्या उजेडात, शीर शोधली. काळूने सिस्टरनी दिलेली सलाइनची बाटली वाशाला टांगली. पहिली बाटली धो-धो सोडली. दुसरी लावली. तिसरीला मनगटाशी नाडी लागली, बारीक आणि पळणारी, पण लागली.

आता पोटातल्या मुलाचं बघायचं होतं. मी स्टेथोस्कोप घेऊन पुढे सरकलो तशी बुधीची सासू होशीबाय आडवी आली.

"पायाला हात लावलास, बोलले नाय. पोटाला नाय लावायचा. परका बाप्या."

"आजी, मुलाचे ठोके ऐकायचेत."

"मंग माला दे. मी आयकते."

मी वाद घातला नाही. सकाळीच एक वाद हरलो होतो. तिच्या कानात स्टेथोस्कोप घातला, चकती कशी दाबायची आणि कुठे शोधायचं ते सांगितलं. ती बराच वेळ सरकवत राहिली. मग तिचा चेहरा पालटला. मी म्हणालो, "जसा वाजतोय तसा माझ्या प्लॅस्टरवर बोटाने वाजवा." ती वाजवायला लागली. टक टक टक टक. मी घड्याळ धरलं. मिनिटाला एकशे साठ. घाईचे, पण चांगले ठोके. माझ्या नोकरीतली ती सगळ्यात भरवशाची तपासणी होती असं मी आजही म्हणेन. पुढे दर दोन तासांनी ती आपणहून यायची, स्टेथोस्कोप मागून घ्यायची, आणि ठोके वाजवायला माझ्या प्लॅस्टरपाशी येऊन बसायची.

बाकीच्या तेरा जणांची अडचण वेगळीच होती. त्यांना पाणी पाजायला हवं होतं आणि पाणीच कोणी देत नव्हतं. जुलाब लागले की पाणी तोडायचं, ही तिकडची समजूत. पाणी दिलं की जुलाब वाढतात, हे सगळ्या बायांनी डोळ्यांनी पाहिलेलं. मी ओआरएस म्हणजे मीठ-साखरेचं पाणी कालवून वाटत फिरलो. लोक माझ्यासमोर भांडं हातात घ्यायचे आणि मी वळलो की ओतून टाकायचे. दोनदा चिडलो. मग अक्कल आली आणि सोमा आजाकडे गेलो.

"आजा, शीव तुम्ही बांधलीत. आता आतलं पाणीही तुमच्या शब्दाने चालू दे. डवऱ्यातलं कच्चं पाणी कोणी प्यायचं नाही. उकळून हे मीठ घालून प्यायचं, जुलाब असले तरी."

डवरा म्हणजे ओढ्याच्या कडेला खणलेला पाण्याचा खड्डा. पावसाचं वाहून आलेलं सगळं त्यात जात होतं. रोग तिथूनच आला होता.

त्याने माझ्या हातातला लोटा हुंगला. मग म्हणाला, "आन तुजा औषाद खोटा निघाला तं?"

"तर पुढच्या वेळी मला शिवेवर उभं करू नका."

त्याने लोटा घेतला, गटागटा प्यायला आणि उरलेलं चार घरांत स्वतः पाजून आला. संध्याकाळपर्यंत पाड्यातल्या प्रत्येक चुलीवर पाण्याचं भांडं होतं. असली अंमलबजावणी मी बराकीतही पाहिली नव्हती. तिथे पाण्याच्या टाकीपाशी एक नाईक उभा ठेवला तरी कोणीतरी नळाला तोंड लावतंच.

सिस्टर रोज दोनदा शिवेवर यायच्या. शहापूरहून सलाइनचं खोकं, मुरबाडहून ओआरएसची पाकिटं, डवऱ्यात टाकायला ब्लीचिंग पावडर. एका चपट्या दगडावर ठेवायच्या, वीस पावलं मागे जायच्या, मग काळू उचलून आणायचा. त्या लांबून मला शिव्यांसारख्या सूचना द्यायच्या आणि मी त्या मुकाट ऐकायचो.

शुक्रवारी संध्याकाळी बुधीला लघवी झाली. वाचकांनी हसू नये. मूत्रपिंडं शाबूत आहेत, पेशंट वाचला, याची ती पावती असते. होशीबाय घरातून ओरडत आली, "झाली रे, झाली!" सगळा पाडा घराबाहेर आला. काळूने मला मिठी मारली आणि माझ्या पायावर पाय दिला. मी कळवळलो आणि हसलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते दुखण्याचं, असं मी तेव्हा सांगितलं. ते खरं नव्हतं.

शनिवारी एकच नवा पेशंट. रविवारी एकही नाही.

सोमवारी सकाळी दहाला मी होशीबायच्या ओट्यावर बसलो होतो. बुधी भिंतीला टेकून नाचणीची पेज पीत होती. मी घड्याळाकडे बघत होतो. आता तिकडे माझं नाव पुकारलं असेल. माझ्या जागी वर दुसरा डॉक्टर पाठवतील. माझी माणसं गोळ्या खाताहेत आणि मी इथे पेज खातोय, असं मनात येत होतं. सोमा आजा शेजारी येऊन बसला.

"आज तुजा दिस ना?"

"हो."

त्याने हाताने शिवेबाहेरची, खालची शेतं दाखवली. "माजा बी दिस गेला. राबातली रोपा पिवळी पडली बघ. पाच दिस लावनी नाय. सगल्यांची."

राबातली, म्हणजे रोपवाटिकेतली, ती पिवळी रोपं मी पाच दिवसांत पाहिलीच नव्हती. पाऊस चांगला होता, खाचरं भरली होती, आणि ऐन लावणीच्या हंगामात सगळा पाडा घरात बसून होता. उशिरा लावलेला भात कमी पिकतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ह्या लोकांनी ते आम्हा खालच्यांसाठी केलं होतं आणि आम्हाला पत्ताच नव्हता. मला माझ्या सोमवारची लाज वाटली.

मंगळवारी पहाटे त्याने दोरे सोडले. चार गड्यांनी मला झोळीत घालून खाली घरापर्यंत पोचवलं. बाबा अंगणात होते. मी त्यांना सगळं सांगितलं, लावणीचंही. बाबा कमी बोलतात. त्यांनी फक्त विचारलं, "आपल्या गावात कोन आजारी पडला का?"

"एकही नाही."

ते उठले आणि भावकीच्या घरांकडे गेले. न्याहारीच्या वेळेपर्यंत गावातली पस्तीसेक माणसं, बाया-बापे, पाड्याच्या वाटेला लागली होती. स्वतःची लावणी अर्धवट टाकून. दोन दिवस त्यांनी पाड्याची खाचरं लावून दिली. आई पण गेली, गुडघा दुखत असताना. आमचा गाव आणि तो पाडा यांच्यात तोवर बाजारापुरती ओळख होती. मला त्या दिवशी माझ्या गावाचा फार अभिमान वाटला, आणि तो मी कोणाजवळ बोलून दाखवला नाही, म्हणून इथे लिहितो.

बुधवारी मी बोर्डासमोर उभा राहिलो. अध्यक्ष एक कर्नल होते. टक्कल, जाड चष्मा, समोर सिस्टरनी केलेली तार.

"कॅप्टन, बोर्ड सोमवारी होता."

"येस सर. क्वारंटाइनमध्ये होतो सर."

"कोणी लावला? कलेक्टरने?"

"नाही सर. सोमा भगताने."

"त्याचा हुद्दा?"

"भगत, सर."

त्यांनी चष्मा काढला. मी सगळी हकीकत सांगितली. ते मधेमधे प्रश्न विचारत होते.

"केसेस किती?"

"सोळा सर."

"मृत्यू?"

"एक सर. मी पोचायच्या आधी."

"शिवेवर गार्ड किती होते?"

"एकही नाही सर. झाडांना दोरा होता."

"दोरा ओलांडून किती जण गेले?"

"कोणी नाही सर. शिवेबाहेर एकही केस नाही."

कर्नलनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, "माझ्या इन्फेक्शन वॉर्डच्या दारावर बंदूकधारी गार्ड आहे. तरी दिवसाला चार नातेवाईक आत सापडतात." त्यांनी माझ्या कागदावर उशिराचं कारण लिहिलं: 'स्थानिक प्रशासनाने रोखून धरले.' आणि एक्स-रे बघून मला आणखी तीन आठवडे अनफिट ठरवलं. पाड्यात मी पायाची जी आबाळ केली होती ती हाडाने लक्षात ठेवली होती.

मी वर कारगिलला पोचलो तेव्हा तोफा थांबल्या होत्या. युनिटमधले दोघे परत आले नव्हते. माझ्या जागी आलेल्या डॉक्टरने त्यांच्यासाठी शक्य होतं ते सगळं केलं होतं. तरी मी तिथे नव्हतो, हे मला टोचलं. अजून टोचतं. त्यावर मलम नाही आणि मी शोधतही नाही.

युनिटच्या खालच्या बाजूला एक गाव होतं. तिथल्या लोकांची भाषा मला येत नव्हती, देव वेगळे, जेवण वेगळं. लढाईत घर सोडून गेलेली कुटुंबं परतत होती आणि मुलांना गोवर निघाला होता. कमांडिंग ऑफिसर म्हणाले, सकाळी सगळ्या मुलांना शाळेसमोर रांगेत उभं करा. मी म्हणालो, "सर, एक दिवस द्या. आधी विचारून येतो." दुभाष्याला घेऊन गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे गेलो, चहा प्यायलो, आणि मुलं आजारी पडली की तुम्ही काय करता, असं विचारलं. तिने अर्धा तास सांगितलं. निम्मं माझ्या पुस्तकात होतं. उरलेलं नव्हतं, पण त्यातलं बरंच उपयोगी पडलं.

सोमा आजा आता नाही. भोईर सिस्टर रिटायर होऊन मुरबाडला असतात आणि फोनवर अजून मला सूचना देतात. बुधीला मुलगी झाली. आजाचे, सिस्टरचे आणि त्या पाड्याचे माझ्यावर जे उपकार आहेत ते मी कुठल्या रकान्यात मांडू शकत नाही. मी पुढे मेजर झालो, कर्नल झालो, तंबूतली हॉस्पिटलं चालवली, पाण्याबद्दल आणि साथीबद्दल ढीगभर ऑर्डर काढल्या, सही-शिक्क्यानिशी. शंभर टक्के पाळलेली ऑर्डर मी आयुष्यात एकदाच पाहिली, आणि ती काढणाऱ्याला सही करता येत नव्हती.